छोट्या लॉनसाठी हातानं ढकलायचं मशीन घेताना

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत रो-हाउसपुढे हल्ली एक ठरलेला आराखडा दिसतो. गेटच्या आत गाडीपुरता पोर्च, एका कडेला तुळस आणि मोगरा, आणि उरलेल्या दोनशे-चारशे चौरस फुटांत हिरवं गवत. लॉन लावून देणारा लावून देतो, पैसे घेतो आणि जातो. पावसाळा लागला की प्रश्न उभा राहतो: हे कापायचं कुणी आणि कशानं? विळ्यानं कापलं तर पायऱ्या पायऱ्या दिसतात. ब्रश कटरवाला एवढ्याशा कामाला येत नाही, आलाच तर दहा मिनिटांत सगळं भादरून जातो आणि पुढचे आठ-दहा दिवस अंगण पिवळं दिसतं. पेट्रोलचं मशीन घ्यावं तर ते ठेवायला जागा नाही, आणि उन्हाळाभर पडून राहिलं की जूनमध्ये स्टार्टरची दोरी ओढून खांदा दुखतो.

एवढ्या जागेला मोटर नसलेलं, रीळवालं, ढकलायचं मशीन सगळ्यात चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते कुठल्याही जमिनीवर चालत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःच्या अंगणात बघून घेण्यासारखं बरंच काही आहे. आणि दुकानात जे बघायचं ते खोक्यावर छापलेलं नसतं.

ते कापतं कसं

पेट्रोलच्या किंवा विजेच्या नेहमीच्या मशीनमध्ये एक सपाट पातं जमिनीला समांतर गरागरा फिरतं आणि गवताला फटका मारून तोडतं. धार कमी झाली तरी वेगाच्या जोरावर ते तोडतच राहतं, फक्त गवताची टोकं चिंधीसारखी फाटतात. आपल्याकडच्या उन्हात ही फाटलेली टोकं दोन दिवसांत वाळतात. लॉन कापल्यावर त्यावर जो पांढुरका थर दिसतो तो हाच.

रीळवाल्या मशीनचं तंत्र वेगळं आहे. आडव्या दांड्याभोवती पाच ते सात पाती पिळदार बसवलेली असतात. त्यांच्या खाली, जमिनीलगत, एक सरळ पातं घट्ट बसवलेलं असतं. ते हलत नाही. रीळ फिरलं की वरचं पातं गवताची काडी ओढून खालच्या पात्यावर आणतं आणि दोघांमध्ये ती कातरली जाते, कात्रीत कापड कापलं जातं तशी. पात्यांना पीळ असतो तोही उगाच नाही. पिळामुळे एका वेळी पूर्ण लांबीभर कापणी होत नाही, कापण्याचा बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. त्यामुळे धक्के बसत नाहीत आणि माणसाच्या जोरावर काम भागतं.

ही युक्ती मुळात बागेतली नाहीच, कापडगिरणीतली आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरायला तिथे पिळदार पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या एका यंत्रकारानं हेच तंत्र गवताला लावलं आणि १८३० साली पेटंट घेतलं. सोलापूरकरांना हे समजायला फार लांब जावं लागणार नाही. ज्या टॉवेलची एक बाजू मखमलीसारखी लागते, त्याचे वर आलेले लूप अशाच पिळदार पात्यांनी कातरलेले असतात. यंत्रमागाची सेटिंग करणाऱ्या जॉबरला हे मशीन दाखवा, खालच्या-वरच्या पात्यातलं अंतर किती हवं हे त्याला सांगावं लागत नाही.

रीळ फिरवणारी ताकद येते चाकांतून. चाकाच्या आत दातेरी कडं असतं, ते पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, फिरवतं आणि पिनियन रिळाला. मागे ओढताना रीळ फिरू नये म्हणून खटका असतो. मशीन मागे घेतलं की टिक टिक आवाज येतो तो त्याचा. इथून एक गोष्ट निघते जी बहुतेक गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. चाक घसरलं की रीळ थांबतं, आणि रीळ थांबलं की कापणं थांबतं. म्हणून फार हलकं मशीन म्हणजे चांगलं मशीन, हे खरं नाही. दाट गवतात हलक्या मशीनची चाकं नुसती घसरतात. थोडं वजन असलेलं मशीन जमीन धरून चालतं. घरात आजी-आजोबा लॉन कापणार असतील तर हलकं घ्या, पण मग गवत वाढू द्यायचं नाही ही अट पाळायला हवी.

आधी आपली जमीन

सोलापूरची जमीन म्हणजे काळी माती, आणि काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. एका पावसाळ्यात सपाट केलेलं लॉन पुढच्या पावसाळ्यापर्यंत लाटांसारखं होतं. रीळवालं मशीन जमिनीपासून अडीच-तीन सेंटिमीटरवर कापतं. जमिनीला तेवढाच उंचवटा असेल तर तिथे पातं थेट मुळाशी जातं आणि लॉनला टक्कल पडतं. शेजारच्या खड्ड्यात मात्र गवत तसंच उंच राहतं.

दुसरा त्रास मुरमाचा. प्लॉटची पातळी वाढवायला बिल्डर मुरूम भरतो, वर लाल मातीचा पातळ थर देतो आणि त्यावर गवताचे तुकडे अंथरून मोकळा होतो. वर्षभरात मुरमाचे खडे वर यायला लागतात. पेट्रोलचं मशीन खडा उडवून देतं (तोही काचेवर किंवा पायावर जातो, ते वेगळं). रीळवाल्यात खडा दोन पात्यांच्या मध्ये अडकतो, मशीन जागच्या जागी थांबतं आणि धारेला खाच पडते. एक खाच पडली की त्या रेषेत गवताचा धागा सुटत जातो, प्रत्येक वेळी, प्रत्येक ओळीत.

म्हणून आधी हे करा. गवंडी प्लास्टर ओढायला जी लांब ॲल्युमिनियमची पट्टी वापरतात ती मागून आणा आणि लॉनवर उभी-आडवी ठेवून बघा. पट्टीखाली कुठे कुठे बोट सहज जातंय? ज्या जागी जातंय तिथे बारीक वाळू, चाळलेली लाल माती आणि कुजलेलं शेणखत एकत्र करून पातळ थर द्या. एका वेळी सेंटिमीटरभरच, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. गवत त्यातून वर येतं, मग पुन्हा थर. हे काम पावसाळ्यात, गवत जोरात असताना करायचं. खडे वेचायचे ते मात्र उन्हाळ्यातच, तेव्हा ते स्पष्ट दिसतात.

इतकं करूनही जमीन थोडी उंचसखल राहणारच असेल तर अरुंद मशीन घ्या. बारा इंची मशीन खड्ड्यात आणि उंचवट्यावर जमिनीबरोबर वरखाली होतं; अठरा इंची मशीन दोन उंचवट्यांवर टेकून मधला खड्डा तसाच सोडतं. मोठी पाती म्हणजे जास्त काम, हा हिशोब छोट्या लॉनला लागूच होत नाही. वीस बाय पंधरा फुटांचं लॉन घ्या. बारा इंची मशीन, ओळीवर ओळ थोडी चढवायची म्हणून प्रत्यक्ष दहा इंच धरा. सगळं लॉन एकदा कापायला ३६० फूट चालावं लागतं, म्हणजे सुमारे ११० मीटर. आडवं-उभं दोनदा कापलं तरी सव्वादोनशे मीटर. सिद्धेश्वर तलावाला सकाळी फेरी मारणाऱ्या माणसाला हे चालणं म्हणायलाही लाज वाटेल. मग रुंद मशीन घेऊन दोन मिनिटं वाचवायची आणि गेटजवळच्या कोपऱ्यात ते वळवताना घाम काढायचा, यात काही अर्थ नाही.

गवत कोणतं आहे

आपल्याकडच्या लॉनमध्ये साधारण तीन जाती दिसतात. पहिली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच, किंवा तिच्या बारीक पानाच्या निवडक जाती. ऊन सोसते, पाण्याचा ताण सोसते, आणि दोन-तीन सेंटिमीटरवर कापलेली तिला आवडते. रीळवाल्या मशीनला हिच्यासारखं गवत नाही. दुसरी नर्सरीवाले ‘मेक्सिकन’ म्हणून देतात ती, दाट गादीसारखी. ही हळू वाढते, पण पान चिवट असतं, त्यामुळे ढकलायला जोर लागतो आणि पात्याची धार लवकर जाते. हिला सात पात्यांचं, जरा वजनदार मशीन बरं. तिसरी रुंद पानाची, आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत लावतात ती. हिला चार-पाच सेंटिमीटर उंच ठेवावं लागतं, आणि नेमकं इथेच बरीच हातमशीनं कमी पडतात. त्यांची उंची साडेतीन-चार सेंटिमीटरच्या वर जातच नाही. तुमचं लॉन सावलीतलं असेल तर दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. आणि उत्तरावर न थांबता मशीन फरशीवर ठेवून फुटपट्टीनं फरशीपासून खालच्या पात्याच्या धारेपर्यंत मोजा.

झाडाखाली अजून एक भानगड असते. कडुलिंबाच्या काड्या, गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, अशोकाची पानं. मशीन काढण्याआधी खराटा फिरवायचाच. पेन्सिलीएवढी काडीसुद्धा रीळ जाम करते. जाम झालं की बोटानं काडी काढायला जाऊ नका; रीळ मोकळं झालं की थोडं फिरतं आणि तेवढं बोटाला पुरतं. लाकडाच्या तुकड्यानं ढकलून काढा. मुलं आसपास असतील तर मशीन कधीही उघड्यावर ठेवू नका, चाक हातानं फिरवलं की पाती फिरतात हे त्यांना दोन मिनिटांत कळतं.

लव्हाळा आणि उंच तुरे हे या मशीनचे शत्रू. रिळाच्या मध्यापेक्षा उंच वाढलेली ताठ काडी पुढे वाकते, मशीन तिच्यावरून निघून जातं आणि ती मागे पुन्हा उभी राहते. विजापूर रोडच्या एका बंगल्यात काम करणारे माळीमामा एकदा वैतागून म्हणाले, “सायेब, ह्ये मशीन काय कापत न्हाई बघा, नुसतं झोपवतंय.” त्यांचं निम्मं बरोबर होतं. गवत वीतभर वाढलेलं होतं, ते आधी विळ्यानं अर्ध्यावर आणायला हवं होतं. उरलेलं निम्मं कारण मशीनमध्ये होतं. खालच्या पात्याचा एका बाजूचा स्क्रू ढिला झाला होता आणि फटीतून अख्खी काडी आरपार जात होती.

दुकानात काय तपासायचं

ही फट म्हणजे या मशीनचा जीव. नवीन मशीनसुद्धा वाहतुकीत हलून दुकानात येतं, तेव्हा दुकानदाराला म्हणा, वर्तमानपत्र द्या. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी फाडून खालच्या पात्यावर ठेवा आणि चाक हळूच पुढे फिरवा. हात पात्यांजवळ न्यायचा नाही. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, आणि एकाच नाही तर प्रत्येक पात्यानं. कागद दुमडून फटीत शिरला तर फट जास्त आहे. रीळ जड फिरत असेल, खर्र खर्र घासत असेल तर फट नाहीच, आणि ते मशीन ढकलताना तुमचाही दम काढील आणि पात्याचाही.

दोन्ही टोकांना फट कमी-जास्त करायचे स्क्रू असतात. दुकानदाराला तुमच्यासमोर ते फिरवायला लावा. एका वेळी स्क्रू आठव्या हिश्श्यानेच फिरवायचा, मग दुसऱ्या टोकाचा, मग पुन्हा कागद. ज्या मशीनमध्ये मध्यभागी कागद नीट कापला जातच नाही त्याचं पातं किंवा रीळ वाकलेलं आहे. ते परत ठेवा, कितीही सूट देत असले तरी.

आता पात्यांची संख्या. पाच की सात, यावर लोक वाद घालतात, पण पुरतं उत्तर फक्त संख्येत नसतं. चाकाच्या एका फेऱ्यात रीळ किती वेळा फिरतं हेही त्यात येतं. हे मोजायला सोपं आहे. चाकावर खडूनं खूण करा, एक पूर्ण फेरा फिरवा आणि खालच्या पात्यावरून किती पाती गेली ते मोजा. समजा चाकाचा व्यास २० सेंटिमीटर आहे. म्हणजे एका फेऱ्यात मशीन सुमारे ६३ सेंटिमीटर पुढे जातं. तेवढ्यात पाच पात्यांचं रीळ पाच वेळा फिरून २५ पाती गेली तर दर अडीच सेंटिमीटरला एक काप बसतो. त्याच गिअरवर सात पाती असती तर ३५ काप बसले असते, म्हणजे दर १.८ सेंटिमीटरला एक.

हा आकडा आणि तुम्हाला गवत जितकं ठेवायचं ती उंची साधारण सारखी असावी. अडीच सेंटिमीटरवर कापायचं असेल तर अडीच सेंटिमीटरला एक काप पुरेसा आहे. कापातलं अंतर उंचीपेक्षा बरंच जास्त असलं की लॉनवर बारीक लाटा दिसतात, पत्र्यासारख्या. उलट कापातलं अंतर फारच कमी असलं की गवत नीट आत ओढलं जात नाही आणि मशीनही जड लागतं. हरळीला घरगुती वापरात पाच पाती बहुतेक वेळा पुरतात. क्रिकेटच्या किंवा गोल्फच्या मैदानांवर दहा-अकरा पाती असतात कारण तिथे गवत काही मिलिमीटरवर ठेवायचं असतं. आपल्याला अंगणात वर्ल्ड कप भरवायचा नाही.

चाकांचा प्रकारही बघा. काही मशीनना दोन्ही बाजूंना मोठी चाकं असतात. हलकी, वळायला सोपी, पण चाकाच्या रुंदीएवढी पट्टी कंपाउंडच्या भिंतीलगत तशीच राहते. रोलर असलेली मशीनं थोडी जड असतात, भिंतीच्या जास्त जवळ जातात आणि मागे सुरेख पट्टे पडतात. ज्यांच्या लॉनला चारही बाजूंनी भिंत किंवा कट्टा आहे त्यांनी रोलरवालं बघावं. दुसरा उपाय म्हणजे कडेनं वीटभर रुंदीची फरशी लॉनच्या पातळीत बसवणं, म्हणजे एक चाक फरशीवरून जातं. फरशी लॉनपेक्षा वर आली तर पात्याला लागेल, एवढं सांभाळा.

बिल करण्याआधी खालचं पातं, पिनियन आणि खटका सुटे मिळतात का ते विचारा. “मागवून देतो” हे उत्तर म्हणजे नाही असंच समजा.

पाणी, ऊन आणि कापायची वेळ

लॉन किती मोठं असावं यावरही दोन शब्द, कारण मशीनची निवड तिथून सुरू होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाचच मिलिमीटर धरलं तरी तीनशे चौरस फुटांना म्हणजे सुमारे २८ चौरस मीटरला रोज १४० लिटर लागतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा आकडा छोटा नाही. ज्यांनी अजून लॉन लावलं नाही त्यांनी निम्म्याच जागेत लावावं, उरलेल्या जागेत मोगरा, जास्वंद, कढीपत्ता लावावा. मशीनही छोटं लागेल.

एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापायचा, हा नियम जगभर पाळतात आणि इथे तो दुप्पट लागू आहे. तीन सेंटिमीटरवर ठेवायचं तर साडेचार झालं की कापायचं. जुलै ते सप्टेंबर म्हणजे आठवड्यातून एकदा, चांगला पाऊस लागला तर दोनदाही. नेम चुकवणाऱ्यांसाठी हे मशीन नाही, हे खरंच सांगतो. दर शनिवार-रविवार गावी जाणाऱ्यांनी सरळ माळी लावावा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा मशीनची कापायची उंची सगळ्यात वरच्या खाचेत लावा. उंच पानं जमिनीवर सावली धरतात, ओल टिकते. कापलेले बारीक तुकडे गोळा करायची गरज नाही, ते तिथेच पडून वाळतात आणि खत होतात. रिळाच्या मागे लावायची पिशवी म्हणूनच मला फारशी महत्त्वाची वाटत नाही.

पाऊस पडल्यावर लगेच कापू नका. ओल्या काळ्या मातीवर चाकं फिरत नाहीत, चिखल पिनियनमध्ये जातो आणि जमिनीत चाकांच्या चाकोऱ्या पडतात. दुपारनंतर, गवत कोरडं झाल्यावर कापा. आवाज नसल्यामुळे शेजाऱ्यांची दुपारची झोपही मोडत नाही.

देखभाल फार नाही. कापून झालं की ब्रशनं गवत झाडायचं, कोरड्या फडक्यानं पाती पुसायची, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. पाणी मारून धुऊ नका. धार गेली तर सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. तो प्रत्येक पातं वेगळं घासेल आणि मग सगळी पाती खालच्या पात्याला सारखी लागणार नाहीत. गॅरेजवाले व्हॉल्व्ह बसवायला जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतात ती ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळते. ती पात्यांना लावून रीळ उलट्या दिशेनं फिरवत राहायचं, म्हणजे वरची आणि खालची पाती एकमेकांवर घासून जुळतात. खटक्यामुळे रीळ चाकानं उलटं फिरत नाही, तेव्हा एका बाजूचं चाक काढून रिळाच्या दांड्याला हँडल लावावं लागतं. झाल्यावर पेस्ट पूर्ण पुसायची आणि कागदानं फट पुन्हा बघायची. खाच खोल असेल तर हे घरी होत नाही, रीळ ग्राइंडिंगवाल्याकडे न्यावं लागतं. हे काम मे अखेरीस उरकून घ्या, मृगाचा पाऊस पडल्यावर गवत थांबत नाही.